स्पीकर बंद करा, मग बोलू

जळगावच्या गोलाणी मार्केटात जा, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर. नवा फोन दाखवायला सांगा. कॅमेरा झाला, बॅटरी झाली, की दुकानदार आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबतो, डीजेवरचं एखादं अहिराणी गाणं लावतो आणि फोन काचेच्या काउंटरवर ठेवतो. काच थरथरते. गिऱ्हाईक मित्राकडं बघतं. "आवाज भारी शे भो!"

सौदा पक्का.

आता हा भाऊ त्या फोनवर गाणी ऐकणार कशी? इअरफोन लावून. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला येणाऱ्या एसटीत इअरफोन, केळीला पाणी देताना इअरफोन, रात्री गच्चीवर इअरफोन. ज्या स्पीकरवर त्यानं निकाल दिला, त्यावर तो गाणं फारसं ऐकणारच नाही.

मग तपासलं काय?

जळगाव म्हणजे सोन्याचं गाव. इथं लहानशी अंगठी घेतानाही लोक हॉलमार्क बघतात, कॅरेट विचारतात, दुसऱ्या पेढीवर भाव काढून येतात. वीस हजारांच्या फोनचा आवाज मात्र नुसत्या दणक्यावर पास!

फोनमध्ये गाणं साठवलेलं असतं आकड्यांत. त्या आकड्यांचा विद्युत संदेश करणारी चिप असते, तिला डॅक म्हणतात. तिच्यापुढं अँप्लिफायर. स्पीकरचा अँप्लिफायर वेगळा, इअरफोनच्या पिनेचा वेगळा. त्यामुळं स्पीकर दणदणीत आणि पिनेतून आवाज मरतुकडा, असे फोन असतात. स्पीकर चिरका आणि इअरफोनवर आवाज स्वच्छ, असेही असतात. एकावरून दुसऱ्याची परीक्षा होत नाही.

गुण देणाऱ्या संस्था तरी काय करतात? फोनच्या कॅमेऱ्यांना गुण देऊन नावारूपाला आलेल्या फ्रान्सच्या डीएक्सओमार्कनं २०१९ साली आवाजालाही गुण द्यायला सुरुवात केली. कशाचे गुण? फोनच्या स्वतःच्या स्पीकरचे आणि मायक्रोफोननं केलेल्या मुद्रणाचे.

इअरफोन त्यात नव्हताच.

खोक्यावर सोनेरी-काळा 'हाय-रेस' शिक्का असतो, तो बघून अनेकांचा ऊर भरून येतो. हा शिक्का जपान ऑडिओ सोसायटीचा. त्यासाठी उपकरणानं ४०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज हाताळावा लागतो. माणसाचा कान, तोही तरुण आणि धडधाकट, २०,००० हर्ट्झला थांबतो. चाळिशीनंतर तर पुष्कळांना १५,००० च्या वरचं नीट ऐकू येत नाही. वरचे वीस हजार वटवाघळाला ऐकू येतात. पैसे आपण भरतो.

आणि दणका म्हणजे दर्जा, हा समज कुठून आला? कानाच्या एका खोडीतून. एकच गाणं दोनदा वाजवा, दुसऱ्यांदा एखाद-दोन डेसिबल चढवून. ऐकणारा 'हे मोठं आहे' असं म्हणत नाही, 'हे चांगलं आहे' असं म्हणतो. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं, की आवाज बारीक असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरत जातो. फोन तोच, गाणं तेच, बटणाच्या चार खुणा वर गेल्या आणि गाणं 'भरदार' झालं.

म्हणून दोन फोनांची तुलना करताना पहिली अट एकच. दोन्हींचा आवाज सारखा करा. बटणाच्या खुणा मोजून नव्हे, कानानं. एका फोनची अर्धी खूण दुसऱ्याच्या पाऊण खुणेइतकी असू शकते. ही अट पाळली नाही, तर बाकी सगळी चर्चा वाया.

दुसरी अट: फोनमधली सजावट बंद. डॉल्बी बंद, बास बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट. पुष्कळ फोनांत हे सगळं आधीच चालू असतं. ते बंद केल्यावर गाणं उघडं पडतं. पडू द्या. तेच तर ऐकायचं आहे.

आता खरी कसोटी. गाणं कुठलं लावायचं?

लताबाईंचं आजोळ थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं. तेव्हा त्यांचंच गाणं घेऊ. १९४९ सालच्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला', संगीत खेमचंद प्रकाश यांचं. सुरुवातीला आवाज दुरून यायला हवा होता आणि हळूहळू जवळ. आज हे काम कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. तेव्हा ती सोय नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात, एकेक पाऊल टाकत मायक्रोफोनपर्यंत आल्या. ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे.

ही सुरुवात इअरफोनवर ऐका. विशीच्या उंबरठ्यावरची ती मुलगी चालत येताना कळते का? ती दूर असताना आवाजाभोवतीची मोकळी खोली ऐकू येते का? जवळ येता येता ती खोली विरते आणि नुसता गळा उरतो, हे जाणवतं का? जाणवत असेल तर फोन आणि इअरफोन दोन्ही पास. नुसताच आवाज वाढत गेला, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचं मोनो मुद्रण आहे हे. त्यात ना स्टिरिओ, ना हाय-रेस. तरी अंतर ऐकू येतं! कारण ते अंतर खरं होतं, पायांनी चाललेलं होतं.

मोनोचा आणखी एक उपयोग. गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी यायला हवा. डावीकडं झुकला, तर फोनला शिव्या देण्याआधी उजव्या इअरफोनची जाळी बघा. मळ असतो.

एक मात्र सांभाळा. मूळ मुद्रण घ्या. जुन्या गाण्यांवर वरून ताल चढवून 'झंकार बीट्स' म्हणून कॅसेटी विकल्या गेल्या, त्यातलं अजून फिरतंय. ते कसोटीला चालत नाही. माझ्या मते ऐकायलाही चालत नाही.

दुसरं गाणं गोंधळाचं घ्या, संबळ असलेलं. संबळाला तोंडं दोन, एक चढं, एक खर्जाचं. दोन्ही वेगवेगळी ऐकू यायला हवीत, काठीचा घाव अन् त्यामागची घुमक सुटी-सुटी यायला हवी. सगळा मिळून एकच गोंगाट होत असेल, तर इअरफोन बदला.

तिसरी कसोटी शब्दांची. असोद्याच्या बहिणाबाईंच्या रचना पुष्कळांनी गायल्या आहेत. कुठलीही लावा आणि ओळीचं शेवटचं अक्षर कान देऊन ऐका. बास फाजील असला की तो वरच्या सुरांना झाकतो आणि आधी बळी जातात ते शब्द. मग खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' लिहिलेला इअरफोन घेऊन बहिणाबाई ऐकायच्या कशा?

नाहीच ऐकता येत.

आता ब्लूटूथ. इथं तर फोनचा आवाज हा विषयच बहुतेक संपतो. ॲपलनं २०१६ साली आयफोन ७ मधून इअरफोनच्या पिनेचं भोक काढून टाकलं. बाकीच्यांनी आधी टर उडवली, मग तेच केलं. आज दहा-बारा हजारांच्या कितीतरी फोनांना भोक आहे, साठ हजारांच्या फोनांना बहुधा नाही. इअरफोनच्या आवाजासाठी खास चार डॅकची चिप बसवून २०१६ साली व्ही२० काढणाऱ्या एलजीनं २०२१ मध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. आपण कौतुक केलं, विकत घेतलं दुसरंच.

ब्लूटूथवर आकड्यांचा आवाज करणारी चिप फोनमध्ये नसून तुमच्या कानातल्या बड्समध्ये असते. फोन फक्त गाणं आवळून हवेतून पाठवतो. आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी सगळ्यांकडं असतोच. आयफोन एएसी वापरतो. सोनीचा एलडॅक २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून अँड्रॉइडमध्ये आला, तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवू शकतो. पण बड्सनाही तो यायला हवा, आणि गजबजलेल्या स्टँडवर तो बहुधा स्वतःच खाली उतरतो.

कोडेक एकच, बड्स त्याच. मग दोन फोनांत 'याचा आवाज गोड, त्याचा कोरडा' हा वाद कशासाठी?

तार हवी असेल आणि भोक नसेल, तर टाइप-सीचा कनेक्टर लागतो. इथं बाजारात हमखास फसगत होते. साध्या कनेक्टरमध्ये नुसत्या तारा असतात. फोन स्वतः त्या वाटेनं आवाज सोडत असेल तरच तो चालतो, नाहीतर इअरफोन मुका. आत डॅक असलेला कनेक्टर मागा आणि तिथंच लावून बघा. चांगला कनेक्टर हजाराच्या आसपास मिळतो, आणि त्या हजारात पिनेच्या आवाजापुरती महागड्या फोनची बरोबरी होऊ शकते.

दुकानदार हे आपणहून सांगत नाही. विचारा.

आणि गाण्याची फाइल? वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं आपल्याकडं गल्लोगल्ली होती. हजार गाणी बसवायची तर प्रत्येक गाणं आवळणं आलंच. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट, कार्डावर १२८. त्याच फाइली नातेवाइकांकडून मित्रांकडं, मित्रांकडून नव्या फोनवर अजून फिरतात. कुणी तीच फाइल '३२०' करून ठेवतो. फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. अशी फाइल लावून फोनची परीक्षा घ्यायची आणि फोनला नापास करायचं, हा अन्याय आहे. पैसे भरून ऐकायच्या सेवांवर ३२० सहज मिळतं, काहींवर सीडीच्या तोडीचं. तेही मिळत असताना व्हॉट्सॲपवरून आलेलं गाणं कसोटीला का लावायचं?

जळगाव आकाशवाणी १९७६ साली सुरू झाली, मीडियम वेव्हवर. त्या लहरींवरून साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नाही. तरी ट्रान्झिस्टर कानाला लावून बसणारा माणूस पहिल्या आलापात गायक ओळखायचा. गाण्याचा जीव मधल्या सुरांत असतो. फोनवाले जाहिरात करतात ती वरच्या झगमगाटाची आणि खालच्या धडधडीची.

मधलं विचारतो कोण?

इअरफोनच्या खोक्यात रबराची टोकं येतात, तीन मापांची. दोन जोड्या खोक्यासकट माळ्यावर जातात. टोक कानात घट्ट बसलं नाही की खर्ज गळतो, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि माणूस बटण दाबत सुटतो. एसटीत तर हमखास. 'फर्स्ट कॉपी' बड्सना शिव्या द्यायच्या त्या द्याच, पण आधी टोक बदलून बघा. फुकट आहे.

बटण दाबत सुटण्याचा हिशेब मात्र फुकट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. तीन डेसिबल चढवले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. फोन आवाजाची सूचना देतो, तेव्हा न वाचता 'ओके' दाबलं जातं. त्यात लग्नसराईत डीजेसमोर उभं राहून छाती हादरवून घेणं वेगळंच. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग साठ हजारांचा फोन घ्या की सहा हजारांचा, लताबाई चालत आलेल्या कळणार नाहीत.

तेव्हा पुढचा फोन घ्यायला जाल, तेव्हा आपला इअरफोन खिशात आणि आपलं गाणं बरोबर ठेवा. डेमो पीस मागा, स्पीकर बंद करायला लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि पाच मिनिटं कुणाशी न बोलता ऐका. दुसऱ्या फोनवर तेच गाणं, तेवढ्याच आवाजात. फरक कळला, तर चांगला वाजेल तो घ्या. नाही कळला, तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या इअरफोनवर घाला.