खुर्जी घ्या, पूर्वज मोफत

पुण्यात नाणी जमवणारे फार झाले. तलवारी तर इतक्या झाल्या की दिवाणखान्यात दोन पाती फुलीसारखी लावली तरी पाहुणा मान वर करत नाही, पोहे खात राहतो. नवशिक्याला नाव काढायचं असेल तर एकच क्षेत्र अजून मोकळं आहे: घोडदळाचा जुना साज. खोगीर, खुर्जी, रिकीब, तंग, दुमची, तोबरा. घोडा लागत नाही. किंबहुना घोडा बाळगणाऱ्यांनी या छंदात पडूच नये. या वस्तू कशासाठी असतात हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे मागितलेली किंमत त्यांच्याच्यानं देववत नाही.

१. आधी पूर्वज ठरवा, मग वस्तू घ्या. नवशिके हे उलटं करतात आणि फसतात. पूर्वज शिलेदार घ्यावा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, म्हणून साजही स्वतःचा, म्हणून तो वारशानं तुमच्या माळ्यावर येणं तर्काला धरून आहे. बारगीर टाळा. त्याचा घोडा सरकारी पागेतला, तेव्हा खापरपणजोबांनी सरकारी माल घरी कसा आणला, हा प्रश्न चारचौघांत निघू शकतो. मोतद्दार तर मुळीच नको. आता या साजाला रोज हात लागे तो त्याचाच: खरारा तो करी, तोबरा तो बांधी, तंग तो आवळी. पण पुण्यातल्या कुठल्याही घराण्यात अजून एकही मोतद्दार होऊन गेल्याचं ऐकिवात नाही. पानिपताकडे निघालेले हजारो घोडे बहुधा एकमेकांना खरारा करत गेले.

२. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा. पायात साध्या चपला, चेहऱ्यावर कंटाळा. नळाच्या तोट्या आणि मेलेले मोबाइल ओलांडत सावकाश चाला. कातड्याचं काही दिसलं तर त्याच्या शेजारच्या कुलपाची किंमत विचारा. विक्रेता तुमच्यासारखे पुष्कळ पाहून बसलेला असतो, तो कुलूप बाजूला सारून म्हणेल, "साहेब, ही शिंद्यांच्या पागेतली." इथं "कशावरून?" विचारू नका. "थोरल्या की धाकट्या?" एवढंच विचारा. तो विचार करून थोरल्या म्हणेल आणि पाचशे रुपये वाढवेल. ते पाचशे महादजींचे, घासाघीस करू नये.

३. वस्तू ओळखायला शिका, म्हणजे कुठं न ओळखल्यासारखं करायचं ते कळेल. मराठी स्वाराचं खोगीर मुख्यतः गादीचं असे, कापडाचं आणि नमद्याचं. ते पावसानं कुजलं, कसरीनं खाल्लं, उरलंसुरलं उंदरांनी नेलं. तुमच्या हाती येईल ते जाड तपकिरी कातडं, पितळी बकलं, सरळ शिवण. नीट पाहिलंत तर त्यावर बाणाचा ठसा असेल आणि बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर. हा इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारचा शिक्का. सरकारी जीन आणि साज बनवण्याचा मोठा कारखाना कानपूरला १८६० च्या दशकात निघाला, म्हणजे पेशवाई बुडून चाळीसएक वर्षं उलटल्यावर. खचून जाऊ नका. पाहुण्यांना तो रामबाण म्हणून दाखवा. घराण्याचं निशाण. 'आय' कोणी वाचलंच तर आईचा आशीर्वाद.

छोटी, टणक, दोन कप्प्यांची पिशवी मिळाली, तिला तलवार अडकवायचा पट्टाही असला, तर ती घोड्याचे जादा नाल आणि खिळे ठेवायची. बाजारात ती पानाची चंची म्हणून विकली जाते. चंचीच म्हणा, नालात कोणाला रस नसतो. मोठी खुर्जी असेल तर तळाशी ज्वारीचे चार दाणे आधीच टाकून ठेवा. गोष्टीतले बाजीराव घोड्यावर बसून कणसं चोळत खात, हे प्रत्येक पुणेकराला पाठ असतं. पुढचं तो स्वतःच जुळवतो.

४. 'पूना हॉर्स' असं कोरलेलं काही सापडलं तर आनंद बेतानं व्यक्त करा. जून १८१७ च्या पुणे तहात पाच हजार स्वारांचा खर्च दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात पडला, हुकूम मात्र इंग्रजांचा. त्या फौजेतून ही रेजिमेंट आली. पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. तेव्हा तुमचे शिलेदार त्या दिवशी नेमके कोणत्या बाजूला होते, हे पाहुणे यायच्या आत घरात एकमतानं ठरवून घ्या. रेजिमेंट स्वतः केव्हाच रणगाड्यांवर गेली आणि त्यांवरच तिनं दोन परमवीरचक्रं मिळवली, १९६५ ला तारापोर, १९७१ ला खेत्रपाल. तिला या पट्ट्यांची आठवण येत असेल असं वाटत नाही. ती जबाबदारी आता तुमच्यावर आहे.

५. वयाचं भान ठेवा. विकत घेताना वस्तू अडीचशे वर्षांची असते. सोसायटीच्या गणपतीत मांडली की तीनशेची होते. मात्र न्यू जर्सीचा भाचा ती बॅगेत घालू लागला की तिचं वय झपाट्यानं उतरतं, कारण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपुढची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर शिलेदारांची खुर्जी गेल्या दिवाळीत हौसेनं घेतलेली शोभेची पिशवी होते. बाणाचा शिक्का इथं पहिल्यांदा नकोसा वाटेल. वाटू द्या.

६. निगा. पावसाळ्यात बुरशी येईल, घरभर तबेल्याचा वास सुटेल, पत्नी माहेरी जाण्याविषयी बोलेल. यांपैकी बुरशीवर उपाय आहे: कोरडा ब्रश आणि खेळती हवा. कातड्यातून लाल भुकटी गळू लागली तर ते आतून संपलं आहे, तेल पाजून परत येत नाही. तरी खोबरेल तेल चोळाच, सगळेच चोळतात. भुकटी मात्र डबीत भरून ठेवा. पुढेमागे रणभूमीची माती म्हणून उपयोगी पडेल.

७. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुरुवातीची काही वर्षं जाऊ नका. चष्म्यांच्या धंद्यातला एक माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी जमवतो आणि शेवटी सगळं सरकारला देऊन टाकतो, असल्या गोष्टींनी नवशिक्याचा उत्साह मावळतो. पेशवे दफ्तराच्या वाटेलाही जाऊ नका. तिथं मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, आणि त्यांत तुमचे पूर्वज सापडण्याचा खरोखरच धोका आहे.

८. कधीतरी एखादं आगाऊ पोर सगळ्यांसमोर विचारेल, "काका, तुम्ही घोड्यावर बसलाय का हो?" खोटं बोलू नका. बसलोय म्हणा, सह्याद्रीत, घाटातून, भर पावसात. माथेरान हा शब्द आणू नका. लगाम धरून पुढं कोण चालत होतं, हे तर नाहीच नाही.