जरा रेस द्या

मुलुंडमध्ये रविवारी सकाळी माणसं जमवायची असतील तर सोसायटीची सभा बोलावू नये. कोरम होत नाही. जुन्या गाडीचं बॉनेट उघडावं. पिशवीतून पहिला पान्हा बाहेर पडायच्या आत कोरम झालेला असतो. गाडी प्रीमियर पद्मिनी असली आणि वर मिसिंग मारत असली, तर बी विंगमधले थकबाकीदारही खाली उतरतात.

मिसिंग हा दुखणं लपवू न देणारा आजार आहे. चारांतला एक सिलिंडर दांडी मारतो आणि सगळी गाडी लंगडते. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा थरथरतो, मागून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, कान असले की पुरतं. इस्त्रीवाला लांबूनच म्हणतो, “प्लग शॉर्ट असणार.” रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणतात, “छे, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.” वॉचमन काहीच निदान करत नाही. तो एवढंच म्हणतो, “साहेब, जरा रेस द्या,” आणि रेस दिली की गंभीरपणे मान हलवतो. मला धास्ती त्या मानेची वाटते.

नव्या गाड्यांचं असं नाही. त्यांच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर उमटतं ‘पी०३०१’. म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिसफायर. दुसऱ्याची असेल तर ‘पी०३०२’. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण त्या आकड्यापाशी कोणी चहा घेऊन थांबत नाही. त्यावर मतभेद तरी कसला होणार?

पद्मिनीला विचारावं लागतं. इंजिन मंद चालू ठेवायचं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उपसायची. वायर निघताच इंजिन अडखळलं, बंद पडायला आलं, तर तो सिलिंडर कामाचा. वायर काढूनही काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. हीच चाचणी सोसायटीच्या कमिटीवर करून पाहावी, असं एकदा खजिनदारांनी सुचवलं. सेक्रेटरींनी लगेच टेरेसच्या गळतीचा विषय काढला.

चोराचा प्लग खोलला की तो बोलायला लागतो. टोक बिस्किट कलरचं असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. अशा वेळी चोक ओढलेला राहिलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का, ते बघा. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल पीत आहे आणि प्रकरण रविवारच्या आवाक्याबाहेरचं आहे. तेव्हा सगळे आवाज खाली आणून बोलतात. बहुतेकदा निघते ती काजळीच. ती ब्रशने साफ करायची, गॅप पट्टीने मोजायचा आणि वायरी जागच्या जागी लावायच्या. पद्मिनीचा क्रम एक-तीन-चार-दोन. कोणी उत्साहाने एक-दोन-तीन-चार लावून दिला, तर असा बार निघतो की कबुतरं भांडुपपर्यंत जावीत.

त्यानंतर डिस्ट्रीब्यूटरचं झाकण. आत पॉइंट असतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उघडणारे. गाडीची सगळी ठिणगी या फटीच्या मर्जीवर. ते काळे पडले असतील तर पॉलिश पेपर मारायचा. पुन्हा पुन्हा जळत असतील तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा. आणि वायरींना बारीक भेगा पडल्यात का, हे पाहायला पुस्तकं सांगतात की अंधारात पाण्याचा फवारा मारा, गळणारा करंट निळा चमकेल. मुंबईकराला फवारा विकत घ्यावा लागत नाही. जुलै महिना तेवढ्यासाठीच असतो.

हल्ली यात उसाचीही भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. हा कार्ब्युरेटर निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने घडवलेला. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि थंड इंजिन खोकतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतात. आमच्याकडचे एक सांगलीकर हे ऐकून दुखावले, पण नळ्या बदलताना टॉर्च त्यांनीच धरला.

असे कानवाले मेकॅनिक मात्र कमी होत चालले. काळी-पिवळी होती तोवर प्रत्येक नाक्यावर कोणीतरी पद्मिनी खोलून बसलेला दिसे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावर नाही. त्या हातांनी आता दुसरी कामं धरली.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याला जावं लागतं. पद्मिनीचा जन्मही तिथलाच. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा कारखाना एलबीएस मार्गावर होता, तेव्हाच्या आग्रा रोडवर. फियाट ११०० तिथेच बने, पुढे १९७४मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत. पार्ट मिळतात ते सीएसटी रोडच्या दुकानांत, टांगलेल्या बंपरांच्या खालून वाकून आत गेल्यावर. तिथल्या शेठकडे मी कंडेन्सर मागतो. तो आधी विचारतो, गाडी विकायचीय का. नाही म्हटल्यावर डब्यात बराच वेळ चाळवाचाळव करतो, एक काढून देतो, पैसे मोजून घेतो आणि मी निघताना मागून हाक मारतो, “भाऊ, जुना फेकू नका हां. हा नवा गेला तर तोच लावा.”