रडल्याशिवाय रजत कमळ नाही

जगात जर्मनी आणि देशात परभणी, हे आमचं वाक्य बाहेरचे लोक थट्टेवारी नेतात. नेऊ द्या. अभिनयाची पारख या एका विषयात आम्ही जर्मनीलाही मागं टाकलं आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिल्लीत नुसते जाहीर होतात, निकाल लागतो तो परभणीच्या स्टेशन रोडवर, कटिंग चहाच्या साक्षीनं. 2025 च्या 1 ऑगस्टला शाहरुख खानला ‘जवान’साठी पहिला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तोही ‘ट्वेल्थ फेल’च्या विक्रांत मॅसीबरोबर वाटून. बक्षीस दोन लाखांचं, वाटेकरी दोघं. “म्हणजे शाहरुख आपला लखपती दीदी झाला की हो!” एका सेवानिवृत्त गुरुजींनी हिशेब मांडला. बचत गटातल्या बाईच्या घरचं वर्षाचं उत्पन्न लाखावर गेलं की सरकार तिला हीच पदवी देतं. शाहरुखला मात्र त्यासाठी उन्हातान्हात कुरडया घालाव्या लागल्या नाहीत.

टपरीवर एक जुना खटला अजून चालू आहे, श्रीदेवीच्या हुकलेल्या पुरस्काराचा. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांच्या आई पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या. त्यांच्यावरून मुलीला सिनेमा सुचला, लोणच्याचे लाडू झाले आणि 2012 साली ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. त्यातली शशी गोडबोले ऑर्डरी घेते, लाडू वळते, घरपोच देते, पैसे मोजून घेते. नवरा चारचौघांत सांगतो की आमची ही लाडू वळायलाच जन्माला आली. न्यूयॉर्कच्या क्लासातला मास्तर मात्र तिला उद्योजिका म्हणतो आणि ती रस्त्यानं तरंगतच जाते. पंधरा वर्षांच्या खंडानंतर आलेल्या श्रीदेवीनं हे काम असं केलं की आमच्याकडच्या बायका घरी येऊन नवऱ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागल्या.

एवढं करून त्या वर्षीचं फिल्मफेअर कुणाला? ‘कहानी’साठी विद्या बालनला. सिनेमा न पाहिलेल्यांनी पुढचं वाक्य गाळावं: पोट तिथं खोटं होतं. खोट्या मातृत्वापुढं खरे लाडू हरले. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ‘धग’मधल्या उषा जाधव यांना. त्यांच्यावर आमचा राग नाही. स्मशानात काम करणाऱ्याच्या बायकोचं ते काम अस्सलच होतं. पण तीही आईच.

श्रीदेवीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला 2018 मध्ये, ‘मॉम’साठी. नावातच सगळं आलं. त्या वेळी ज्युरीचे अध्यक्ष शेखर कपूर यांनी स्वतःच सांगितलं, की ती गेली म्हणून तिला देऊ नका असं आपण सदस्यांना बजावत होतो. तरी तिलाच मिळाला. म्हणजे बाईनं लाडू सोडले, सावत्र का होईना आई झाली, लेकीसाठी सूड घेतला आणि शेवटी जगही सोडलं. मग कुठं रजत कमळ हातात आलं, तेही घरच्यांच्या.

2010 सालचा पुरस्कार दोघींत विभागला होता. एक तमिळ सिनेमातली आई, सरन्या पोनवन्नन. दुसरी आपल्या ‘बाबू बँड बाजा’तली शिरमी, मिताली जगताप वराडकर. शिरमी जुन्या कपड्यांचा व्यवहार करणारी बोहारीण. चांगला रोकडा धंदा, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती पोराच्या शाळेसाठी झुरणारी माय. 2021 सालच्या मानकऱ्यांत ‘मिमी’ची क्रिती सेनॉन, पोटात दुसऱ्याचं मूल वाढवणारी. 2023 सालचा पुरस्कार राणी मुखर्जीला, लेकरांसाठी नॉर्वेच्या सरकारशी भांडल्याबद्दल. मध्येच ‘सूरराई पोट्रू’मधल्या अपर्णा बालमुरलीला मिळाला, तिची बेकरी होती. टपरीवर जरा आशा पालवली. मग कळलं, बेकरी तिची असली तरी सिनेमा नवऱ्याच्या विमानांचा आहे.

अमेरिकेत तरी काय निराळं? जॉय मँगानो नावाच्या बाईनं फरशी पुसायचा पोछा काढला, टीव्हीवरून विकला. तिच्यावर 2015 मध्ये ‘जॉय’ निघाला. घटस्फोट, डोक्यावर कर्ज, भागीदारांची लबाडी. आणि जेनिफर लॉरेन्सला गोल्डन ग्लोब मिळालं ते विनोदी किंवा संगीतप्रधान सिनेमांच्या विभागात. बाईचं कर्ज यात विनोद कुठला ते आमच्या बँक मॅनेजरांना विचारायला हवं, त्यांना हसू येतं खरं. ऑस्कर गेलं ब्री लार्सनला, ‘रूम’साठी. खोलीत कोंडलेली आई.

आता समजा, सेलूच्या एखाद्या बाईवर सिनेमा काढायचा ठरवला. कारळाची चटणी, जवसाची चटणी, येसर, खारोड्या. दहा बायकांचा गट, बँकेचं कर्ज, फेड वेळेवर. निर्माता विचारणार, नवरा मेला का? नाही हो, दुकानावर बसतो. मग शेतकरी आत्महत्या? नाही. दुष्काळ? आहे, पण चटणी खपते. निर्माता उठून जाणार. आमच्या जिल्ह्याकडे कॅमेरा वळला तो 2024 मध्ये, ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेसाठी. त्याकरता मानवतमध्ये 1972 पासून खून पडावे लागले.

तसं पाहिलं तर अभिनय आमच्याकडे ओसंडून वाहतो, फक्त ज्युरीची नजर चुकते. बचत गटांच्या प्रदर्शनात उद्घाटक येतात, बोटभर चटणी चाखतात, डोळे मिटतात, “वा, अप्रतिम, माताभगिनींनो!” म्हणतात, पाकीट हातात धरून फोटो काढतात. पाकीट गाडीत जातं, पैसे पीएकडून मिळतील असं कळतं. पीए दुसऱ्या गाडीत असतो. बँकेत कर्जाचा अर्ज आल्याबरोबर कोऱ्या रजिस्टरमध्ये डोकं खुपसून काहीतरी शोधणारे साहेब हेही सहज नामांकनाच्या दर्जाचे. आणि घरचा धनी! बायकोच्या गल्ल्यावर मोटारसायकलचा हप्ता जातो, पाहुण्यांना सांगतो, “तिचा आपला थोडाफार हातभार असतो.” चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

शाहरुखच्याच 2025 च्या यादीत मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी जाहीर विचारलं की मुख्य कोण आणि सहाय्यक कोण, हे कुठल्या मापानं ठरवता? प्रश्न दिल्लीला होता, पण जिंतूरपासून पालमपर्यंत शेकडो घरांना लागू पडला. घर जिच्या चटणीवर चालतं ती सहाय्यक. प्रमुख भूमिका ज्याची, तो चटणी कमी तिखट झाली म्हणून रुसून बसलेला. शासनानंही तिला माता म्हटलं, भगिनी म्हटलं, दीदी म्हटलं, लाडकी बहीण करून महिना 1,500 रुपयेही दिले. मोंढ्यातल्या कुणाही ऐऱ्यागैऱ्याला शेठ म्हणणाऱ्या या गावात तिला शेठ म्हणायला मात्र कुणाची जीभ वळली नाही.

तेव्हा ज्युरीला पत्र लिहिण्यात टपरीनं आता वेळ घालवू नये. परभणीत पुढचं प्रदर्शन लागेल तेव्हा सगळ्या स्टॉलवर चव घेऊन “येतो जरा फिरून” हा संवाद म्हणू नका. तो तुम्ही फार सुंदर म्हणता, पण त्याला बक्षीस नाही. पाव किलो घ्या, घासाघीस करू नका, रोख द्या. आणि पावती मागा. बाईंनी पावतीपुस्तक छापून घेतलं आहे.