सातबाऱ्यावरचा शेतकरी

महाराष्ट्र शासनाच्या दप्तरी मी शेतकरी आहे. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. त्याच्या आगेमागे भाऊबंदांची इतकी नावं आहेत की प्रत्येकाने एकेक कुंडी आणून ठेवली तरी रान भरून जाईल, पण आहे. १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मला येते. पैसे नाहीत, ही गोष्ट वेगळी. तर असा मी कायदेशीर शेतकरी पुण्यातल्या फ्लॅटच्या टेरेसवर टोमॅटो लावायला निघालो आणि पहिल्याच पायरीवर अडलो. माती कुठली घ्यायची?

ही म्हणाली, नर्सरीत विचारा. आता तुम्हीच सांगा, सातबारावाल्याने पैसे मोजून माती विकत आणायची? आमच्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते तिथल्या काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी ती पोटात धरून ठेवते आणि थंडीतली ज्वारी त्या ओलीवर निघते. जी माती पाणी न देता ज्वारी देते, ती रोज पाणी दिल्यावर टोमॅटो का देणार नाही, असा बिनतोड हिशेब करून मी गावाहून येताना डिकीत काळ्या मातीचं पोतं टाकलं, ते इंदापूरच्या आसपास कलंडलं, शेजारी हिच्या आईसाठी घेतलेल्या हुरड्याच्या पिशवीत थोडं शिरलं, आणि सासूबाईंनी पहिला घास घेतल्यावर माझ्याकडे जे पाहिलं ते अजून चालू आहे.

या मातीचं असं आहे की तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी मिळालं की फुगतात आणि सुकले की आकसतात. शेतात खाली हातभर खोल मातीच असते, जास्तीचं पाणी मुरत जातं. कुंडीत वीतभर खाली प्लास्टिक लागतं. पाणी वरच तळं करून बसलं, खाली मुळं गुदमरली, पानं मलूल झाली. मलूल पानं म्हणजे तहान, हे मला लहानपणापासून माहीत असल्यामुळे मी आणखी पाणी घातलं. रोपं बुडून मेली.

सोसायटीतल्या जाणकारांनी तळाशी विटांचे तुकडे घालायला सांगितलं. घातले. पुढे कळलं की बारीक माती चिंब झाल्याशिवाय खालच्या तुकड्यांत पाणी सोडतच नाही, त्यामुळे कुंडीतला चिखल होता तेवढाच राहतो आणि विटांच्या उंचीएवढा वर येतो. म्हणजे मी चिखलाला पाट दिला होता. बसायला.

मग आम्ही लग्नाला गेलो आणि परत आलो तर मातीने कुंडीची साथ सोडलेली. कडेने चांगली बोट जाईल एवढी फट. मी कळवळून बादलीभर पाणी ओतलं, ते फटीतून सुसाट खाली गेलं, भोकातून बाहेर पडलं, टेरेसच्या पन्हळीतून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर उतरलं. पांढरी चादर होती. होती.

आता शास्त्राशिवाय गत्यंतर नव्हतं. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीला दिवस लागतो, आणि थरांवरून आपली माती कळते. माझ्या बरणीत दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं आणि वर एक सोनेरी थर तरंगत होता. तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. हिने ओळखला. लोणच्याचं तेल.

शेवटी नर्सरी. तिथल्या पोराने विचारलं, “काका, आधी कधी काही लावलंय?” मी सातबाऱ्याचा विषय काढला, त्याने लाल मातीच्या गोण्या काढल्या. रंग मोठा देखणा, पण काही पाण्यांतच ती अशी आवळून बसली की मी खुरपं घातलं तेव्हा खुरपं वाकलं.

पुढच्या खेपेला त्याने कोकोपीटची पाच किलोची वीट दिली. ही भिजली की सत्तर लिटरच्या आसपास होते आणि आमच्या बाथरूममधली बादली वीस लिटरची, हे गणित चौथीतलं आहे, पण मी वीट बादलीत ठेवली, नळ सोडला आणि आपण आधुनिक शेतीकडे वळल्याचं चुलतभावाला कळवायला फोनवर बसलो. “अहो,” आतून आवाज आला, “हे काय उतू जातंय?” त्यात क्षार असतात, धुऊन घ्या, असं पोराने बजावलं होतं, म्हणून ते मी तिथेच धुतलं. प्लंबर भला माणूस निघाला, फक्त पैसे घेऊन गेला, बोलला काही नाही.

नुसत्या कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. रोपं पिवळी पडली. मग त्यात गांडूळखत घातलं, पाणी निथळावं म्हणून भाताचं तूस घातलं, मुठीने निंबोळी पेंड घातली आणि हे सगळं टेरेसच्या दारात कालवलं, नेमकं त्या संध्याकाळी मुलीला बघायला लोक येणार होते. निंबोळी पेंडीचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्थळ उत्तम होतं. टोमॅटो मात्र लागले! लालबुंद, घोसाने, आणि मी येईल त्याला टेरेसवर नेऊन दाखवू लागलो.

मागच्या आठवड्यात चुलतभाऊ आला. आमची जमीन खरी कसतो तो. त्याने टोमॅटोंकडे पाहिलंही नाही, कुंडीत हात घालून मूठभर उचललं, दाबलं, सोडलं, वास घेतला, पुन्हा दाबलं. मी परीक्षेच्या निकालाची वाट बघत उभा.

“झकास केलंय दादा,” तो म्हणाला, “पण ह्यात माती कुठंय?”

मी मनात उजळणी केली. कोकोपीट, गांडूळखत, तूस, पेंड. पुन्हा केली. ही चहा घेऊन दारात उभी होती.

“माती होती ना भावोजी,” ती म्हणाली, “ती खालच्या काकूंकडे असते.”