सोळा ठोकळ्यांची हद्द

छत्तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केलेल्या मनुष्यास कोणत्याही नव्या मुलखात पाऊल टाकताच प्रथम देवळाचा कळस दिसत नाही, की नदीचा घाट दिसत नाही. त्यास दिसतो तो हद्दीचा दगड, आणि तो आपल्या जागी आहे की नाही याची खातरजमा झाल्यावाचून त्यास पाणीसुद्धा गोड लागत नाही. त्यामुळे लेकीच्या आग्रहावरून मी नांदेडहून मावल्यास जावयास निघालो तेव्हा मुदखेड, भोकर, हिमायतनगर ही स्थानके मागे पडत असताना माझे चित्त खिडकीबाहेरच्या पळसांत नसून 1956 सालात होते. त्या साली राज्यांची फेररचना झाली आणि किनवटचा मुलूख आदिलाबाद जिल्ह्याच्या दप्तरातून निघून नांदेडच्या दप्तरी रुजू झाला. मात्र हद्द हलविताना माणसांच्या जिभांवर त्याची नोटीस बजावण्याचे राहून गेले असावे, कारण किनवटच्या पुढे माझ्या शेजारी बसलेल्या कापसाच्या व्यापाऱ्याने मला मराठीत जागा दिली, फोनवर तेलुगूत भाव ठरविला आणि चहावाल्याशी दखनीत घासाघीस केली, व या तिन्ही व्यवहारांत त्याच्या कपाळावरची आठीदेखील बदलली नाही.

मावला हे गाव आदिलाबाद शहरालगत, 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले असून 2016 सालच्या जिल्हाफेररचनेत त्यास स्वतंत्र मंडलाचा दर्जा मिळाला, एवढे टिपण मी निघण्यापूर्वीच करून ठेविले होते. तेथील तलाव पाहावा, हरितवनात सकाळी फेरफटका मारावा, आणि जमल्यास मंडल कचेरीबाहेरच्या फलकाचे वाचन करावे, असा माझा माफक कार्यक्रम होता. पाचवीत शिकणाऱ्या नातवाने तो एका वाक्यात खारीज केला.

“आजोबा, बाहेर ऊन आहे. आपण खाली जाऊ.”

“घराला तळघर आहे होय?”

“नाही. खणायचं,” असे म्हणून त्याने मला संगणकासमोर बसविले.

संगणकावरचा तो मुलूख म्हणजे माइनक्राफ्ट हा खेळ. मार्कस पर्सन नामक एका स्वीडिश गृहस्थाने 2009 साली त्याची वसाहत सुरू केली, 2011 च्या नोव्हेंबरात तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, आणि 2014 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो, त्याच्या मालक-कंपनीसह, अडीच अब्ज डॉलरांस विकत घेतला. तेथे झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यनारायणही चौकोनी. जमिनीचा प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. शंकू-साखळीच्या मोजणीचे नकाशे तपासण्यात ज्याचे डोळे अधू झाले अशा मला ती भूमी पाहून वाटले की, विधात्याने मूळ सृष्टी घडविण्यापूर्वी एखाद्या मोजणीदाराचा सल्ला घेतला असता, तर बांधावरून होणारे निम्मे खटले जन्मासच आले नसते.

कुदळ, मशाली आणि, मी माळकरी असल्याकारणाने, शिधा म्हणून केवळ पाव, असा सरंजाम घेऊन आम्ही उतरलो. भुयारात डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भिस्त ठेवावी लागते हे मला तेथे समजले. कातळाआडून हाडांचा खुळखुळाट ऐकू येत असेल, तो एकाच दिशेकडून आणि अखंड येत असेल, आणि त्या रोखाने खणता खणता शेवाळलेल्या दगडास कुदळ लागली, तर आपण अंधारकोठडीच्या भिंतीशी येऊन ठेपलो असे समजावे. कारण पाताळात असला हिरवट दगड अन्यत्र क्वचितच आढळतो. नातवाने भिंतीस भोक पाडले. आत एक बेताची खोली, कडेस दोन पेट्या, आणि मधोमध काळ्या गजांचा एक पिंजरा. पिंजऱ्यात ज्वाळा, आणि त्या ज्वाळांत वीतभर उंचीचा एक सांगाडा, कोणाची वाट पाहून कंटाळलेल्या इसमाप्रमाणे, स्वतःभोवती गरगर फिरत होता. यास ती मुले ‘स्पॉनर’ म्हणतात; मी माझ्यापुरते ‘भूतखाना’ असे त्याचे नामकरण करून, दर्शनी भागी कामकाजाच्या वेळा कोठे लिहिल्या आहेत ते शोधू लागलो. तोच चार पूर्णाकृती सांगाडे प्रकट झाले, त्यांनी धनुष्ये ताणली, आणि मी मेलो.

मेल्यावर मनुष्य आपल्या बिछान्यात जागा होतो, ही तेथील सोय उत्तम आहे. परंतु त्याची चीजवस्तू मात्र मृत्यूच्या जागी सांडते आणि पाच मिनिटांत कोणी उचलली नाही तर नाहीशी होते. वारसनोंदीस आमच्या खात्यात लागणारा काळ ध्यानी घेता ही मुदत मला अमानुष वाटली. सुदैवाने वारस तत्पर होता. त्याने माझी कुदळ आणि पाव तीन मिनिटांत ताब्यात घेऊन पिंजऱ्याभोवती मशाली रोवल्या, आणि उजेड पडताच सांगाड्यांची आवक थांबली.

मग त्याने मला भूतखान्याची कार्यपद्धती समजावून दिली. दर दहा ते चाळीस सेकंदांनी पिंजरा एका खेपेस चार भुते काढण्याचा यत्न करतो. जवळपास त्याच जातीची सहा भुते तुंबली की नवे काम हाती घेत नाही. उजेड पडला की हात आखडतो. आणि खेळणारा इसम सोळा ठोकळ्यांच्या हद्दीत आला तरच चालतो, एरवी निद्रिस्त. उजेडाचे वावडे असलेली कार्यालये मी पाहिली होती, तुंबलेल्या प्रकरणांच्या सबबीवर नवे प्रकरण न स्वीकारणारीही पाहिली होती. परंतु रयत दारात येताक्षणी कामास लागणारे कार्यालय उभ्या हयातीत प्रथमच पाहिले, आणि तेही पाताळात.

असली जागा जमीनदोस्त करावी, असा मी तत्काळ अभिप्राय दिला.

“फोडायचा नाही, आजोबा! फोडला की कायमचा गेला. कोणत्याच कुदळीनं उचलून नेता येत नाही.”

म्हणजे स्थावर मालमत्ता. हे कळताच माझ्यातला कारकून जागा झाला. कारण भयाचे स्थान नष्ट करणे हा शिपाईगड्याचा मार्ग, आणि त्यावर जमाबंदी बसविणे हा राज्यकर्त्याचा. आम्ही खोली ऐसपैस केली, तळ खोल खणला, आणि एका भिंतीशी पाणी सोडले. सपाटीवर ते पाणी उगमाचा ठोकळा धरून आठव्या ठोकळ्याशी संपते, म्हणून खोलीची लांबी त्या बेताने राखली, आणि वाहत आलेली सर्व भुते एका पन्हळीत लोटली. पुढचा प्रश्न त्यांच्या कडेलोटाचा. सांगाड्याच्या अंगी वीस प्राण असतात. पडण्याचे पहिले तीन ठोकळे त्यास माफ, पुढे दर ठोकळ्यास एक प्राण वजा. म्हणजे बावीस ठोकळ्यांवरून पडलेला सांगाडा एका प्राणानिशी तळाशी उभा राहतो आणि रिकाम्या मुठीच्या एका ठोशाने निकालात निघतो. परंतु बावीस ठोकळे खाली जाऊन बसावे, तर आपणच सोळांच्या हद्दीबाहेर जातो आणि कारखाना झोपतो. यावर तोड अशी की, नेदर नामक अग्निलोकातून आणलेली एक भुतेरी वाळू उभ्या पाण्याच्या तळाशी घातली असता त्यातून वर चढणारे बुडबुडे उठतात. त्यांवरून भुतांना आधी वर चढवावे, आणि मग खाली सोडावे.

खड्ड्याची मोजणी मी आग्रहाने स्वतःकडे घेतली, आणि तेथेच घात झाला. हद्दीचा दगड मोजणीत धरावयाचा नसतो या जुन्या नियमास अनुसरून मी वरचा ठोकळा वगळला, आणि खड्डा तेवीसांचा झाला. भुते वर चढली, खाली पडली आणि तळाशी पोहोचताच परस्पर वारली. हाडांचा ढीग साचला; मात्र खेळणाऱ्याच्या हातून मेलेल्या भुतामागे जे हिरवे, किणकिणणारे अनुभवाचे गोळे मिळतात, ज्यांच्या बळावर तेथे तलवारी मंत्रून घेतात, त्यांतला एकही आमच्या पदरी पडला नाही. नातवाने खड्डा पुन्हा मोजला, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता तळाशी एक ठोकळा बसविला. माझ्या नोकरीत माझी चूक इतक्या सभ्यपणे कोणी दुरुस्त केल्याचे मला स्मरत नाही.

त्यानंतर वसुली सुरळीत सुरू झाली. एका हाडाचे तीन भाग खत होते आणि ते टाकताच गहू डोळ्यांदेखत वाढतो, हे कानी पडल्यावर, नुकतेच खताच्या रांगेतून परतलेल्या जावईबापूंनी, हे यंत्र वर कापसाच्या शेतात आणता येईल काय, अशी गंभीर चौकशी केली.

परंतु माझी खरी नेमणूक पुढेच झाली. नातवास गृहपाठ होता, आणि तो अन्य खोलीत बसून करावयाचा असा मातृआज्ञेचा हुकूम होता, सबब त्याने मला त्या खड्ड्याच्या तोंडाशी उभे केले आणि बजावले, “काही करू नका. नुसते थांबा. तुम्ही असलात की ते चालतं.” चार दिवस मी नुसता थांबलो. तलाव राहिला, हरितवन राहिले, फलकाचे वाचनही राहिले. परंतु सेवानिवृत्तीनंतर केवळ हजेरीपोटी काही निपजते आहे, हे सुख मी यथेच्छ भोगले.

परतीच्या गाडीत किनवटपाशी फोन वाजला.

“आजोबा, तुम्ही गेल्यापासून एक हाड आलं नाही.”

“तू बस की तेथे.”

“मी बसलो तर येतात,” तो म्हणाला, आणि थोडा थांबून, “पण मग गृहपाठ राहतो.”

मी खिडकीबाहेर पाहिले. राज्याची हद्द केव्हाच मागे पडली होती. सोळा ठोकळ्यांचे तर नावच काढावयास नको. नांदेडला पोहोचताच दिवाळीत पुनश्च हजर होत असल्याचे मी त्यास कळविले, आणि अशा गोष्टी तोंडी सांगून भागत नसल्यामुळे, लेखी कळविले.