गोळीला ऊन चालतं का?

सनस्क्रीन कुठलं घेऊ, असं मेडिकलच्या काउंटरवर विचारलं की समोर दोन-तीन ट्यूब येतात. एसपीएफचा आकडा सांगितला जातो, किंमत सांगितली जाते. ‘सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन घेणारी कॉलेजची मुलगी घ्या. कोर्स दोन-तीन महिन्यांचा, आणि मधेच मैत्रिणींबरोबर मालवणची सहल ठरते. एरवी ज्या उन्हात ती नुसती काळवंडली असती, त्याच उन्हात आता नाक, गाल आणि हातांची वरची बाजू झोंबायला लागते. संध्याकाळपर्यंत कातडी भाजल्यासारखी होते. कधी कधी पुढे नख टोकाकडून सुटू लागतं. घरचे म्हणतात, खारं पाणी बाधलं. पाण्याचा काही संबंध नाही. पोटात घेतलेलं औषध रक्तातून त्वचेत पोचलेलं असतं. त्याच्यावर अतिनील किरण पडले की ते आसपासच्या पेशींना इजा करतं. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

हे फक्त मुरुमांच्या गोळीचं नाही. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल, तर बहुधा तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. उन्हात असा त्रास देऊ शकणाऱ्या औषधांत तेही आहे. पायावरची सूज उतरवणारं फ्युरोसेमाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरोन, सांधेदुखीचं पिरॉक्सिकॅम, दुखऱ्या गुडघ्याला चोळायचं केटोप्रोफेनचं जेल, हीसुद्धा त्यातलीच. प्रत्येकाला त्रास होईलच असं नाही. पण आषाढात दिवस-दिवस उघड्यावर चालणाऱ्या वारकऱ्यांत बीपीच्या गोळ्या घेणारे किती आजी-आजोबा असतात, ते बघा. त्यांना ‘उन्हात जपा’ एवढे दोन शब्द गोळीबरोबर मिळायला नकोत का? आणि ढग आलेत म्हणून निर्धास्त राहू नका. अतिनील किरण ढगांतूनही बऱ्यापैकी खाली येतात.

आता ट्यूबकडे वळू. अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे प्रकार असतात. औषधामुळे होणाऱ्या या त्रासाला मुख्यतः यूव्हीए किरण कारण असतात, आणि एसपीएफचा आकडा प्रामुख्याने यूव्हीबीचा हिशेब सांगतो. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98 टक्के. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलंय का आणि यूव्हीएचा हिशेब सांगणाऱ्या ‘पीए’च्या पुढे अधिकची चिन्हं किती आहेत, ते बघा. गोळ्या चालू असतील तर तीन किंवा चार हवीत. यूव्हीए साध्या काचेतूनही आत येतं. एसटीत खिडकीशी बसणाऱ्यांनी आणि दिवसभर गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि लावताना हात आखडू नका. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम लागतं. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला की पुन्हा. रोज दोनदा असं लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. तुमची तीन महिने पुरत असेल, तर ती पाव हिश्श्यानेच काम करते आहे. रोज एवढा खर्च झेपत नसेल तर कापडावर भर द्या. घट्ट विणीचा, गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, छत्री. दुपारी अकरा ते चार शक्यतो सावलीत. पुण्यातल्या स्कूटीवरच्या मुली स्कार्फ आणि लांब हातमोजे घालतात म्हणून त्यांची खूप टिंगल झाली. शहाणपण त्यांच्याकडेच होतं.

एका गोष्टीवर मात्र माझा खरा राग आहे. काळवंडलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळा, हा सल्ला. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात, की ती अंगावर राहून ऊन लागलं तर कातडी भाजते, फोड येतात, डाग पडतात. ज्या डागासाठी लिंबू चोळलं, त्याच्या जोडीला नवे डाग. हा उपाय घरातून हद्दपार करा.

डॉक्टर आणि केमिस्ट मंडळींना विनंती आहे. ‘जेवणानंतर घ्या’ सांगता, तसंच ‘उन्हात जपा’ हेही सांगा, जमलं तर पाकिटावर पेनानं लिहून द्या. आणि वाचकांनो, कुणी सांगेल याची वाट बघू नका. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा, ‘ही उन्हाला चालते का?’ असं स्वतःहून विचारा. कातडी झोंबली, फोड आले तर चालू गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. विशेषतः बीपीची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा तिला पर्याय असतो, आणि तो डॉक्टरांनीच द्यायचा असतो.