तर्रीला टोकन

नागपुरात हिंगणा रोडवर नवं फूड कोर्ट उघडलं की खाणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एकाला एसी चविष्ट लागतो, दुसऱ्याला ठेल्यावरची धूळ. २०२० मध्ये मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत पोचली, तेव्हापासून आपण मोठ्या शहरात मोडतो अशी पहिल्या पक्षाची खात्री आहे; आणि मोठ्या शहरात तर्री-पोहे टोकन घेऊनच खायचे असतात.

दुसऱ्याची तक्रार तर्रीचीच. ठेलेवाला ती न मागता पुन्हा वाढतो. इथे चण्याचा रस्सा वेगळ्या वाटीत, दुसरी वाटी म्हणजे दुसरं बिल, वर ५ टक्के जीएसटी. हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरचा सावजी रस्सा तर इथे इतका सौम्य, की वरण समजून भातावर घ्यावा. घाम न येता सावजी खाल्ल्याचे पैसे का द्यायचे? (घाम येऊ नये म्हणून तर एसी लावलाय, पण हे कोण सांगणार!)

रविवारी मात्र दोन्ही पक्ष एकाच रांगेत.

“काहून भाऊ, तुमी त महाग म्हनत होते?”

“महागच आहे ना. पुन्याचे पाहुने आले, त्यायले तिखट झेपत नाही.”